माँ ब्लां आणि सोस्यूर

आल्प्स पर्वताचें सर्वांत उंच शिखर माँ ब्लां होय. त्याची उंची सुमारें १५,७७० फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या तिपटीहून थोडीच कमी. मात्र सह्याद्रीचा काळा दगड ज्वालामुखीच्या रसाचा, तर माँ ब्लांच्या बर्फाखालचा ग्रॅनाइट पृथ्वीच्या पोटांत खोलवर सावकाश थिजलेला आहे. या पर्वताच्या ध्यासांत ज्यानें तारुण्याचीं सत्तावीस वर्षें घालविलीं, त्या ओरास बेनेदिक्त द सोस्यूर या पंडिताचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

सोस्यूरचा जन्म १७ फेब्रुवारी १७४० रोजीं जिनीव्हा शहराजवळ एका संपन्न घराण्यांत झाला. त्याच्या मावशीचे यजमान चार्ल्स बोने हे नामांकित सृष्टिशास्त्रज्ञ. त्यांच्या सहवासांत त्याला वनस्पतींची गोडी लागली. अवघ्या बाविसाव्या वर्षीं तो जिनीव्हाच्या विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचा अध्यापक झाला. पण त्याआधीं दोन वर्षें, म्हणजे १७६० सालीं, तो पायीं शामोनीच्या खोऱ्यांत गेला होता. तेथून माँ ब्लांचें दर्शन होतांच हें शिखर गांठावयाचेंच, असें त्यानें मनाशीं ठरविलें. आणि वर जाण्याची वाट शोधून काढील त्यास बक्षीस देण्याचें जाहीर केलें.

बक्षीस मिळविण्यास कोणी लवकर पुढें आलें नाहीं, याचें नवल वाटावयास नको. बर्फावर एक रात्र काढली तर मनुष्य जिवंत राहत नाहीं, अशी त्या खोऱ्यांतील लोकांची पक्की समजूत होती. कांहीं गांवकऱ्यांनीं प्रयत्न केले व ते परत आले. १७८५ मध्यें खुद्द सोस्यूर निघाला, पण त्यालाही हात हालवीत परतावें लागलें. पुढच्या वर्षीं जाक बाल्मा नांवाच्या तरुणास हिमनदीवर एकट्यानें रात्र काढण्याचा प्रसंग आला, आणि सकाळीं तो धडधाकट खालीं उतरला! ती एक भीति नाहींशी झाली व वाट मोकळी झाली. ८ ऑगस्ट १७८६ रोजीं सायंकाळीं बाल्मा व शामोनीचे वैद्य डॉक्टर मिशेल पाकार या दोघांनीं शिखरावर पाय ठेवला. त्यांच्याजवळ ना दोर होता, ना शिडी.

बक्षीस बाल्माला मिळालें. पुढें मात्र एक अन्याय झाला. डॉक्टर पाकार वाटेंत थकले आणि बाल्मानेंच त्यांना कसेंबसें वर नेलें, अशी कथा पसरविण्यांत आली व ती शंभर वर्षांहून अधिक काळ लोक खरी मानीत राहिले. खालून दुर्बिणीनें ही चढाई पाहणाऱ्या एका गृहस्थाचीं टिपणें पुढें उजेडांत आलीं, तेव्हां डॉक्टरांचा वांटा बरोबरीचा होता हें सिद्ध झालें.

सोस्यूरची पाळी १७८७ सालीं आली. अठरा वाटाडे व एक नोकर बरोबर घेऊन १ ऑगस्टला तो निघाला आणि दोन रात्री वाटेंत काढून ३ तारखेस सकाळीं अकराच्या सुमारास माथ्यावर पोंचला. खालीं शामोनींत त्याची पत्नी दुर्बीण लावून बसली होती. पतीला शिखरावर पाहतांच निशाण उभारावयाचें, असा त्यांचा संकेत होता. तें निशाण त्याला वरून दिसलें. इतक्या वर्षांची इच्छा पुरी झाल्यावर त्याला आनंदापेक्षां श्रमाचा उद्वेगच अधिक वाटला, हें त्यानें स्वतः प्रांजळपणें लिहून ठेविलें आहे. मोठ्या माणसाची ही कबुली आम्हांस त्याच्या चढाईइतकीच मोलाची वाटते.

पण तो तमाशा पाहण्यास गेला नव्हता. त्यानें वायुभारमापक लावून शिखराची उंची काढली, ती आजच्या मोजणीच्या अगदीं जवळ आहे. पाणी तेथें सुमारें ८६ अंशांवरच उकळूं लागलें. निळ्या रंगाच्या कमी-अधिक गडद कागदपट्ट्या धरून त्यानें आकाशाचा निळेपणा मापला. खालीं मिनिटाला ७२ ठोके देणारी त्याची नाडी वर १०० ठोके देत होती. समुद्रकांठीं जें काम तीन तासांच्या आंत आटोपलें असतें, तें विरळ हवेमुळें साडेचार तासांतही पुरें झालें नाहीं. उरलेलें काम त्याच्या मनांत सलत राहिलें असावें. कारण पुढच्याच वर्षीं आपल्या मुलाला घेऊन सुमारें ११,००० फुटांवरील एका खिंडींत तो दोन आठवड्यांहून अधिक काळ तंबूंत राहिला व रात्रंदिवस नोंदी करीत बसला.

केसाच्या ताण्यानें हवेंतील ओलावा दाखविणारें यंत्रही त्याचेंच. आल्प्समधील प्रवासाचे त्याचे चार खंड १७७९ ते १७९६ या काळांत प्रसिद्ध झाले. शेवटचे दिवस मात्र कष्टाचे गेले. फ्रान्समधील राज्यक्रांतीच्या उलथापालथींत त्याची बरीच मालमत्ता बुडाली, १७९४ पासून पक्षाघातानें शरीर लुळें पडूं लागलें, आणि २२ जानेवारी १७९९ रोजीं तो मरण पावला.

शामोनींत १८८७ सालीं सोस्यूर व बाल्मा यांचा जोडपुतळा उभारण्यांत आला. त्यांत बाल्मा सोस्यूरला बोटानें शिखर दाखवीत आहे. डॉक्टर पाकार यांचा पुतळा त्याच गांवीं उभा राहिला तो १९८६ सालीं, म्हणजे त्यांच्या चढाईनंतर दोनशें वर्षांनीं.