अंगणात आलेली शाळा

मंडळाच्या वर्धापनदिनी कै. ताराबाई मोडक यांची आठवण करावीशी वाटते.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. त्या काळी ही केवढी गोष्ट! लग्न झाले, पण संसार टिकला नाही. त्या खचल्या नाहीत. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम त्यांनी हाती घेतले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. छडी व घोकंपट्टी नको, मुलाने हाताने करून शिकावे, ही माँटेसोरीबाईंची शिकवण. ताराबाईंनी ती घेतली, पण महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे वापरले.

१९४५ साली त्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ मदतीला आल्या. दलित वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! पुढे १९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी गेल्या. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या.

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या बाईंची मुलगी रोज पायरीवर बसून असे. शाळेत का जात नाहीस, एवढेच मी विचारी. ताराबाईंचे काम कळल्यावर माझीच मला लाज वाटली. आता मी अंगणात सतरंजी घालते, चिंचोके मोजायला देते. मी सातवी शिकलेली. मला जमते, तर आपल्या संभाजीनगरातल्या कोणत्या भगिनीला जमणार नाही?