बेन कार्लिन: जीपमधून समुद्र ओलांडणारा आणि तीच जीप वर्षानुवर्षं दुरुस्त करणारा माणूस

बाळापूरहून अकोला, अमरावती, नागपूर असा पूर्वेकडे जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ कोलकात्याला पोचायचा. कोलकात्याच्या अलीकडे खरगपूर लागतं आणि खरगपूरजवळ कलाईकुंडा हा हवाई तळ आहे. १९४६ साली या तळावर भारतीय लष्करातल्या एका ऑस्ट्रेलियन मेजरने एक विचित्र गाडी पाहिली. खालून होडी, वरून जीप. हिच्यात थोडी सुधारणा केली तर जगाची प्रदक्षिणा करता येईल, असं त्यांनी सोबतच्या मित्राला सांगितलं.

बोलणं थट्टेचं वाटावं असंच होतं. पण त्या मेजरने, म्हणजे बेन कार्लिन यांनी, पुढची बारा वर्षं त्या एका वाक्यामागे घालवली.

खाणीतला इंजिनिअर

फ्रेडरिक बेंजामिन कार्लिन यांचा जन्म २७ जुलै १९१२ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॉर्थम या गावी झाला. आई लहानपणीच गेली. कालगुर्ली इथे खाणकामाचं शिक्षण घेऊन त्यांनी सोन्याच्या खाणीत आणि नंतर चीनमध्ये कोळशाच्या खाणीत काम केलं. दुसऱ्या महायुद्धात ते भारतीय लष्करात इंजिनिअर अधिकारी झाले. यंत्र बिघडलं की बाहेरून मिस्त्री येण्याची वाट न पाहता आपणच हात घालायचा, ही सवय खाण आणि लष्कर दोन्हींनी लावली होती.

ही गाडी होती तरी काय?

गाडीचं नाव फोर्ड जीपीए. अमेरिकी सैन्याला नद्या ओलांडता याव्यात म्हणून १९४२-४३ मध्ये अशा १२,७७८ गाड्या बनल्या. जमिनीवर इंजिन चाकं फिरवायचं, पाण्यात तेच इंजिन मागचा पंखा फिरवायचं. स्टिअरिंगला सुकाणूही जोडलेलं असे.

नदी-तळ्यापुरती ही रचना ठीक होती. पण गाडी जड होती आणि पाण्यात तिच्या कडा पृष्ठभागाच्या जेमतेम वर राहत. थोड्या मोठ्या लाटेनेही पाणी आत यायचं. शिवाय चाकांकडे शक्ती नेणारे दांडे होडीच्या तळातून बाहेर काढावे लागत आणि तिथे पाणी अडवायला रबरी आवरणं लावलेली असत. आवरण फाटलं की आत पाणी. बेअरिंगमध्ये पाणी गेलं की ग्रीस खराब. खारं पाणी असेल तर गंज ठरलेलाच. थोडक्यात, मोटारीचे सगळे रोग आणि होडीचे सगळे रोग एकाच यंत्रात.

अपयशाची दोन वर्षं

युद्धानंतर कार्लिन अमेरिकेला गेले आणि लष्कराने विकायला काढलेली १९४२ ची जीपीए त्यांनी सुमारे ९०० डॉलरला घेतली. वरती बंद केबिन बांधली, पुढचा भाग वाढवला, जास्तीच्या इंधन टाक्या बसवल्या. भारतात ओळख झालेल्या एलिनॉर या अमेरिकी तरुणीशी त्यांनी १९४८ साली लग्न केलं आणि दोघं मोहिमेवर निघाली. गाडीचं नाव ठेवलं हाफ-सेफ, म्हणजे अर्धी सुरक्षित. एका सुगंधी प्रसाधनाच्या जाहिरातीवरून ते सुचलं होतं, पण गाडीला ते चपखल बसलं.

१९४८ आणि १९४९ मधले प्रयत्न फसले. एकदा इंजिनचा विषारी धूर बंद केबिनमध्ये भरला. एकदा पंख्याच्या दांड्याचं बेअरिंग गेलं. आपल्याकडे शिवारात ट्रॅक्टर बंद पडला तर कोणीतरी मोटारसायकल काढून तालुक्याहून पार्ट आणतं. इथे चहूकडे नुसता अटलांटिक. बेअरिंग मिळणार नव्हतं, पंख्याशिवाय गाडी हलणार नव्हती. ती वाहवत राहिली आणि शेवटी एका तेलवाहू जहाजाने दोघांना गाडीसकट उचललं.

दर वेळी कार्लिन परत येत, बिघाडाचं मूळ शोधत आणि तेवढा भाग नव्याने बनवत.

अखेर अटलांटिक पार

१९ जुलै १९५० रोजी ही जोडी कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून निघाली आणि सुमारे महिन्याभराने अझोर्स बेटांवर पोचली. पुढे मदेराच्या वाटेवर मोठ्या वादळात सापडूनही गाडी तगली. १९५१ च्या सुरुवातीला ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावर चढली. तिथून वाळवंट, मोरोक्को, युरोप आणि इंग्लंड. इंग्लंडमध्ये गाडीची मोठी दुरुस्ती झाली आणि खर्चासाठी कार्लिन यांनी या प्रवासावर पुस्तक लिहिलं. ते १९५५ मध्ये आलं.

त्याच वर्षी दोघं पुन्हा निघाली आणि तुर्कस्तान, इराण अशी मजल मारत भारतात पोचली. ज्या देशात कल्पना सुचली, त्याच देशात गाडी स्वतःच्या चाकांवर आली.

गाडी राहिली, संसार मोडला

एलिनॉर यांना समुद्र कधीच मानवला नाही. त्या कोंदट केबिनमध्ये त्यांनी अनेक आठवडे उलट्या सोसत काढले होते. भारतापर्यंतचा टप्पा संपल्यावर त्यांनी साथ सोडली आणि पुढे घटस्फोट झाला. गाडीचा प्रत्येक बिघाड चिकाटीने काढणाऱ्या कार्लिन यांना हे नातं मात्र सावरता आलं नाही.

ब्रह्मदेशापासून जपानपर्यंत बॅरी हॅनली हे ऑस्ट्रेलियन सोबतीला होते. जपानहून अलास्काच्या वाटेवर १९५७ मध्ये अमेरिकी पत्रकार बोये दे मेंटे होते. मे १९५८ मध्ये गाडी कॅनडातल्या माँट्रिऑलला पोचली. समुद्रावर सुमारे १७,८०० किलोमीटर आणि जमिनीवर सुमारे ६२,७०० किलोमीटर अंतर कापून झालं होतं.

स्वागत मोठं झालं नाही. कर्ज होतंच, आणि पुढच्या काही वर्षांत जगाचं लक्ष अंतराळाकडे गेलं. कार्लिन ७ मार्च १९८१ रोजी पर्थ इथे वारले. उभयचर गाडीतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे ते आजवरचे एकमेव मानले जातात.

हाफ-सेफ आज पर्थमधल्या गिल्डफोर्ड ग्रामर स्कूलमध्ये, त्यांच्या जुन्या शाळेत ठेवलेली आहे. फोर्डच्या कारखान्यातून निघालेल्या जीपीएशी तिची तुलना केली, तर केबिन, नाक, टाक्या असे कार्लिन यांनी केलेले बदल आजही ओळखू येतात.