दादासाहेब फाळके यांचे लंडनमधील दोन महिने

मुले शिकण्यासाठी लंडनला निघाली म्हणजे आईवडिलांच्या जीवाची कशी घालमेल होते, हे आपल्या बेटावरील घराघरांस ठाऊक आहे. पण घरी बायकोमुले, डोक्यावर कर्ज, अशा स्थितीत एकेचाळिसाव्या वर्षी विद्यार्थी होऊन त्याच शहरी गेलेल्या एका मराठी गृहस्थांची आठवण आम्ही आज वाचकांस करून देत आहोत.

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईत व बडोद्यास कलाशिक्षण, मग छायाचित्रण, मग छापखाना. भागीदारांशी पटेना म्हणून तोही सुटला. अशात मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर का दिसू नयेत, या विचाराने त्यांना पछाडले. रोज चित्रपट पाहून, रात्री जागून डोळ्यांवर परिणाम झाला. उपचाराने डोळे सुधारताच विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये बोटीवर चढले.

लंडनमध्ये ओळखीचे कोणी नव्हते. पिकॅडिली भागात ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाची पाटी दिसली. ते या पत्राचे वर्गणीदार. सरळ संपादकांपुढे जाऊन उभे राहिले. संपादकांनी आधी त्यांना या धंद्यात न पडण्याचा सल्ला दिला. (आम्हांस तो व्यवहाराला धरूनच वाटतो!) परंतु या माणसाची तळमळ पाहून त्यांनीच वॉल्टन येथील निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी आपल्या कारखान्याचे सारे विभाग मोकळे केले. विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र विकत घेऊन दादासाहेब एप्रिलच्या आरंभी मुंबईस परतले.

खरी परीक्षा घरी होती. कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचा छोटा चित्रपट त्यांनी काढला, तेव्हा कुठे पैसे देणारा तयार झाला. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामे त्या पतीकडून शिकल्या आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांनीच सांभाळला. पुरुषांची नावे सर्वत्र छापली जातात. आमच्या मते या बाईंचे नाव त्यांच्याच ओळीत हवे. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके यांना लुगडे नेसवले. रोहिदास झाला घरचाच मुलगा. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

१९१४ साली आपले चित्रपट घेऊन दादासाहेब पुन्हा लंडनला गेले. आता तेथेच राहून चित्रपट काढावेत, असे बोलावणे आले. त्यांनी ते नाकारले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले, भांडवलदारांनी हात आखडता घेतला. तरीही १९१७ साली ‘लंकादहन’ पडद्यावर आला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे दादासाहेब निवर्तले.