टोप्या पोचवणारी मुलगी
(एस. वाय. बी. ए.)

गेली दोन-तीन वर्षे परदेशी फॅशनच्या चित्रांत एक जुना झगा पुन्हा दिसू लागला आहे. त्याची कमरेची शिवण चांगली वीतभर खाली उतरलेली असते आणि तिथून पुढे चुण्यांचा भरपूर घेर सुटतो. वर्गातल्या मैत्रिणी मोबाइलवर तो पाहतात आणि नवा म्हणून त्याचे कौतुक करतात. मला मात्र त्या झग्यापेक्षा शंभर वर्षांपूर्वी तो पॅरिसमध्ये गाजवणाऱ्या बाईचे कुतूहल जास्त वाटले. तिचे नाव झान लाँव्हँ. कॉलेजच्या अंकांतून थोर पुढाऱ्यांची आणि शास्त्रज्ञांची चरित्रे येतात, ती यावीतच. पण सुई-दोऱ्यावर उभ्या राहिलेल्या एका बाईचे चरित्र एकदा वाचायला काय हरकत आहे?

झानचा जन्म १ जानेवारी १८६७ चा, पॅरिसमधला. भावंडे पुष्कळ आणि ही सर्वांत थोरली. थोरली म्हणजे काय, हे आपल्याकडच्या मुलींना सांगायला नको. वयाच्या १३ व्या वर्षी ती कामाला लागली. टोप्यांच्या दुकानातून तयार टोप्या घ्यायच्या आणि गिऱ्हाइकांच्या घरी नेऊन द्यायच्या, हे तिचे काम. त्या काळी पॅरिसच्या रस्त्यांवर घोड्यांच्या ऑम्निबस धावत. भाडे वाचावे म्हणून ही मुलगी त्यांच्या मागून पळत जाई आणि त्यामुळे तिला छोटी ऑम्निबस असे टोपणनाव पडले, असे सांगतात. पुढे ती टोप्या बनवायला शिकली आणि १८८९ साली, २२ व्या वर्षी, तिने स्वतःचे टोप्यांचे दुकान काढले. ते चालले. काही वर्षांतच ते फोबुर सेंतोनोरे या मोठ्या रस्त्यावर गेले.

लग्न मात्र टिकले नाही. १८९६ साली तिने एका इटालियन सरदाराशी लग्न केले, १८९७ साली मुलगी झाली, आणि १९०३ साली घटस्फोट. मुलीचे नाव मार्गरित. झानच्या आयुष्यात यापुढे जे जे घडले, त्याच्या मुळाशी ही मुलगी आहे. टोप्या करणारी आई लेकीसाठी झगे शिवू लागली. दुकानात येणाऱ्या बायका ते झगे पाहून आपल्याही मुलींसाठी तसेच मागू लागल्या. १९०८ साली तिने मुलांच्या कपड्यांचा विभाग उघडला. मग त्याच बायका म्हणू लागल्या, आम्हांला का नाही? पुढच्याच वर्षी मोठ्या स्त्रियांचे कपडेही सुरू झाले. आई आणि मुलगी हात धरून उभ्या असलेले पॉल इरीब या चित्रकाराचे चित्र तिच्या पेढीची खूण झाले, ते यामुळेच.

आता त्या झग्याविषयी. १९२० नंतर पॅरिसमध्ये सरळसोट झग्यांची लाट आली. छाती दिसू नये, कंबर दिसू नये, बाई एखाद्या सडपातळ पोरासारखी दिसावी, असा तो काळ. वीस वर्षांच्या काटकुळ्या मुलीला ते शोभे. पण दोन बाळंतपणे झालेल्या बाईने काय करावे? पन्नाशीच्या बाईने काय करावे? फॅशनने त्यांना जणू दाराबाहेर उभे केले होते. झान लाँव्हँने त्यांच्यासाठी एक दार उघडे ठेवले. तिने जुन्या चित्रांकडे पाहिले. १८ व्या शतकात फ्रेंच दरबारातल्या स्त्रिया घागऱ्याखाली दोन्ही बाजूंना टोपल्यांसारखे सांगाडे बांधत, त्यामुळे घेर आडवा पसरे. तिने ते ओझे हलके केले, नितंबांपाशी लहानशी कडी ठेवली, कंबर मात्र नव्या पद्धतीप्रमाणे खाली उतरवली, आणि वर टाफेटा, रेशीम, मणी, रिबिनीची फुले. या झग्याला रोब द स्तील म्हणतात. वरचा भाग अंगाला न आवळणारा आणि खाली घोट्याकडे जाणारा घेर! तो मुलीलाही शोभे आणि तिच्या आईलाही. आपल्या परकराचा घेर ज्यांनी लहानपणी गिरक्या घेत फुलवला आहे, त्यांना यातला आनंद वेगळा समजावून द्यायला नको.

ती नुसती कल्पक नव्हती, हिशेबीही होती. हवे ते रंग मिळावेत म्हणून १९२३ साली तिने नांतेरला स्वतःचा रंगाईचा कारखाना काढला. तिचा निळा रंग प्रसिद्धच आहे. १९२६ साली पुरुषांचे कपडे सुरू केले. १९२७ साली लेकीच्या ३० व्या वाढदिवसासाठी आर्पेज हे अत्तर काढले. मार्गरित संगीतात रमणारी होती, म्हणून नावही संगीतातले.

इथे मला एक गोष्ट खटकते आणि ती लिहिल्यावाचून राहवत नाही. माझी आई घरी साड्यांना फॉल लावते, ब्लाउज शिवते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, आणि माझ्या फीचा काही भाग तिच्या मशीनमधून आला आहे. त्यामुळे त्या झग्यांची चित्रे पाहताना माझे लक्ष मण्यांकडेच जाते. एकेक मणी कुणीतरी हाताने टाचलेला. तिच्या भरतकामाच्या खोल्यांत वाकून बसलेल्या मुलींपैकी कुणाला तो झगा कधी परवडला असेल, असे वाटत नाही. ऑम्निबसमागे धावलेल्या मालकिणीला त्यांच्याकडे पाहून काय वाटत असेल? ती अबोल होती, असे तिच्याविषयी लिहिलेले आढळते.

झान लाँव्हँ ६ जुलै १९४६ रोजी वारली. युद्ध संपले होते, पण कापडाची टंचाई संपली नव्हती. बायकांचे स्कर्ट आखूड आणि घेर बेताचा. पेढी मार्गरितच्या हाती आली. त्यानंतर सातच महिन्यांनी, १२ फेब्रुवारी १९४७ रोजी, क्रिस्तियाँ दिओर या पॅरिसच्याच कारागिराने मीटरच्या मीटर कापड घालून घेरदार स्कर्ट पुन्हा आणले आणि जगभर त्याचा गवगवा झाला. कंबर मात्र त्याने घट्ट आवळली. खाली उतरलेली मोकळी कंबर आज परत आली आहे ती झानची. २०१५ साली पॅरिसच्या पाले गालिएरा संग्रहालयाने तिच्या कपड्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. त्याची चित्रे मी आईला दाखवली. तिने चष्मा लावला, मोबाइल जवळ धरला आणि विचारले, एवढ्या घेराला कापड किती लागले असेल?