पडद्याआडच्या कुटुंबाला प्रकाशात आणणारे राजा दीनदयाळ

कुटुंबाच्या छायाचित्रात स्त्रियाच नसतील, तर ते कुटुंबाचे चित्र कसले? आदिलाबादपासून औरंगाबादपर्यंत पसरलेल्या निजामाच्या राज्यात पडदानशीन घराण्यांपुढे हा पेच होता. तो सोडविला राजा दीनदयाळ यांनी.

मेरठजवळील सरधना येथे १८४४ साली जन्मलेले दीनदयाळ रुडकीला अभियांत्रिकी शिकून इंदूरला बांधकाम खात्यात रुजू झाले. होळकरांच्या त्या नगरीतच त्यांना छायाचित्रणाचा छंद जडला. १८८६ साली त्यांनी सिकंदराबादेत स्टुडिओ थाटला. सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले आणि ‘राजा’ हा किताब बहाल केला.

त्या काळी सारी मदार सूर्यप्रकाशावर असे. थेट उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडत. म्हणून छायाचित्रकार सौम्य, पसरलेला उजेड शोधीत. काचेच्या प्लेटवर प्रतिमा उमटेपर्यंत कोणी हललेले चालत नसे. थोरांना मध्यभागी खुर्च्यांवर, तरुणांना मागे उभे आणि मुलांना पुढे बसविले, की प्रत्येक चेहरा स्पष्ट दिसे आणि घरातील मानक्रमही राखला जाई.

परंतु परपुरुषासमोर न येणाऱ्या स्त्रियांचे काय? १८९२ साली दीनदयाळांनी हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ उघडला. उंच भिंतींआडच्या त्या जागेत कॅमेरा एका इंग्रज स्त्रीच्या हाती होता. पडदा न मोडता स्त्रियांची छबी घराण्याच्या स्मृतीत दाखल झाली.

१९०५ साली दीनदयाळ निवर्तले. त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत.