पदवी नसलेली ‘सिस्टर’

न्यूरॉलॉजी वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेला सुरुवातीलाच एक धडा मिळतो. रुग्णाला हात-पाय हलवता येत नसतील, तर ते आपण हलवायचे. ठरावीक वेळाने कूस बदलायची. खांदा, कोपर, गुडघा, घोटा हलक्या हाताने फिरवायचा. नाहीतर सांधे आखडतात. आज साधी वाटणारी ही गोष्ट पोलिओच्या बाबतीत एकेकाळी चुकीची समजली जात होती. ती पटवून देण्यात एलिझाबेथ केनी यांचे निम्मे आयुष्य गेले.

केनी यांचा जन्म १८८० मध्ये ऑस्ट्रेलियातील वॉरिआल्डा या गावी झाला. लहानपणी मनगट मोडले म्हणून त्यांना टुवुम्बा येथील डॉ. इनियस मॅकडोनेल यांच्याकडे नेले. डॉक्टरांकडची शरीररचनेची पुस्तके पाहून त्यांना स्नायूंच्या कामाविषयी कुतूहल वाटू लागले. नर्सिंगचे रीतसर शिक्षण मात्र त्यांनी कधीच घेतले नाही. आडगावांत फिरून रुग्णसेवा करता करता त्या शिकल्या.

१९११च्या सुमारास त्यांच्यासमोर एक लहान मुलगी आली. तिचे हात-पाय वेदनेने आखडले होते. आत्मचरित्रात त्या सांगतात, की त्यांनी मॅकडोनेल यांना तार केली. हा बालपक्षाघात आहे, त्यावर ठोस उपचार नाही, दिसतील त्या लक्षणांवर जमेल ते करावे, असा सल्ला आला. केनी यांनी लोकरीच्या कापडाच्या पट्ट्या गरम पाण्यात बुडवल्या, घट्ट पिळल्या आणि दुखऱ्या स्नायूंवर गुंडाळल्या. वेदना ओसरल्यावर त्यांनी हात-पाय हळूहळू हलवायला सुरुवात केली.

पहिल्या महायुद्धात त्यांनी जखमी सैनिकांना मायदेशी आणणाऱ्या जहाजांवर काम केले. ‘सिस्टर’ ही पदवी त्यांना तिथेच, लष्करी सेवेत मिळाली आणि ती कायमची नावाला चिकटली.

त्या काळी पोलिओ झालेल्या मुलांचे हात-पाय प्लास्टरमध्ये किंवा स्प्लिंटमध्ये महिनोन्‌महिने बांधून ठेवत. निरोगी स्नायूंच्या ओढीने अवयव वाकडा होईल, ही भीती त्यामागे होती. केनी यांनी १९३०च्या दशकात टाउन्सव्हिल येथे दवाखाना सुरू केला आणि ही बंधने काढून टाकली. डॉक्टर संतापले. क्वीन्सलँडच्या चौकशी आयोगाने १९३८ मध्ये त्यांच्या पद्धतीविरुद्ध अहवाल दिला.

१९४० मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. मिनिआपोलिसमधील काही डॉक्टरांनी त्यांचे काम रुग्णांच्या खाटेजवळ उभे राहून पाहिले. १९४२ मध्ये तिथे त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली आणि काही वर्षांतच प्लास्टरचा वापर मागे पडला.

मात्र केनी यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. या आजाराचे मूळ स्नायूंमध्ये आहे, असे त्या मानत. प्रत्यक्षात पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील, स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या चेतापेशी नष्ट करतो. मेलेल्या पेशी शेकाने परत येत नाहीत. शिवाय काही मुलांची ताकद आपोआपही परतते. त्यामुळे सगळे श्रेय उपचाराला देता येत नाही. केनी यांचे दावे मोठे असत आणि टीका त्यांना सहन होत नसे. पण वेदना कमी करणे, सांधे मोकळे ठेवणे आणि उरलेल्या स्नायूंना पुन्हा कामाला लावणे यांचे मोल त्यांच्यामुळे कळले. आधुनिक पुनर्वसनोपचाराच्या वाढीला त्यातून बळ मिळाले.

१९५२ मध्ये टुवुम्बा येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांनाच पार्किन्सन्सच्या आजाराने ग्रासले होते. तीनच वर्षांनी पोलिओची परिणामकारक लस आली. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला. न्यूरॉलॉजी वॉर्डातील खाटांवर आता पक्षाघाताचे, मणक्याच्या दुखापतीचे रुग्ण असतात. त्यांचा निश्चल हात उचलून हळुवार फिरवायला नवी परिचारिका शिकते, तेव्हा त्या धड्यामागे या न शिकलेल्या सिस्टरचाही वाटा असतो.