असोद्याची लेक : बहिणाबाई चौधरी

जळगावपासून दीड-दोन कोसांवर असोदे नावाचं गाव आहे. जमीन काळी, भारी. कापूस, ज्वारी, भुईमूग पिकवणारी. या गावी उखाजी महाजन आणि भीमाबाई यांच्या पोटी २४ ऑगस्ट १८८० रोजी बहिणाबाईंचा जन्म झाला. घर खात्यापित्या शेतकऱ्याचं. तीन भाऊ, तीन बहिणी. पण पोरीला शाळेत घालायचं हे त्या काळी कुणाच्या मनातही येत नसे. बहिणाबाई जन्मभर लिहा-वाचायला शिकल्या नाहीत.

इथे एक घोटाळा आधी दूर करू. तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई वेगळ्या. त्या वैजापूर तालुक्यातल्या शिऊरच्या, सतराव्या शतकातल्या. व्याख्यानांत दोघींची सरमिसळ होते म्हणून सांगितलं.

वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचं लग्न जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी झालं. माहेर हाकेच्या अंतरावर, तरी सासुरवाशिणीला ते लांबच. आखाजीला माहेरी जायचं, झोक्यावर बसायचं आणि दोन दिवसांनी परत त्याच रस्त्याने यायचं. असोद्याच्या त्या वाटेवर त्यांनी गाणं रचलं. खानदेशातल्या कुठल्याही बाईला ते आपलंच वाटावं असं आहे.

सासरचं घर मोठं, माणसं पुष्कळ, काम त्याहून जास्त. पहाटे जातं, मग चूल, मग गोठा, मग वावर. काशी, ओंकार आणि सोपान अशी तीन मुलं झाली. आणि तिशीच्या सुमारास कपाळाचं कुंकू गेलं. पुढे प्लेगच्या साथीत ओंकार वाचला, पण पायाने अधू झाला. बाईने रडत बसायचं म्हटलं तरी वेळ कुठे होता? वावर वाट पाहत नाही.

वैधव्यावरच्या एका गाण्यात दारात आलेल्या ज्योतिष्याला त्या माघारी पाठवतात. आपलं नशीब काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे, हात दाखवून काय होणार, अशा अर्थाचं ते गाणं आहे. त्यात रडगाणं नाही. एकदा तोटा झाल्यावर पुन्हा पाभर धरणाऱ्या माणसाचा कणखरपणा आहे.

कायद्याचं म्हणाल, तर त्या काळी मुलं असलेल्या विधवेला वडिलोपार्जित जमिनीचा वारसा मिळत नसे. पोटगीपुरता हक्क काय तो असे. विधवेला वारस म्हणून पूर्ण मालकी देणारा हिंदू वारसा कायदा १९५६ साली आला, म्हणजे बहिणाबाई गेल्यावर पाच वर्षांनी. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, तोही त्यानंतर लग्न होणाऱ्यांना. केंद्राने तो २००५ मध्ये दिला. तलाठी मंडळींना हे पाठ असेल. जिने पेरणी ते उफणणी सगळं अंगावर काढलं, तिचं नाव कागदावर नव्हतं. मातीशी तिचं नातं मात्र कागदाची वाट बघत थांबलं नव्हतं, हे या गाण्यांत दिसतं.

गाणी सुचायची ती कामात. बसून कविता करायची चैन त्यांना नव्हती. जात्यावर दाणे वैरताना, निंदताना, खळ्यावर बैलांची पात चालू असताना त्या गात. पेरणी, कापणी, रगडणी, उफणणी, सगळ्यावर गाणी आहेत. उफणणीच्या गाण्यात त्या वाऱ्याला बोलावतात. तिवईवर सूप धरून उभं राहिलेल्यालाच त्या आर्जवाचा अर्थ कळेल, कारण वारा पडला की खळं खोळंबतं. बी जमिनीतून वर येतं ती त्यांना देवाची जादू वाटते. मन म्हणजे काय, हे सांगायला त्यांनी उभ्या पिकात शिरणारं हट्टी गुरू घेतलं. संसार सांगायला चुलीवरचा तवा घेतला. सुगरणीचा खोपा तर चौथीच्या पोरालाही ठाऊक. दाखले सगळे घरचे आणि वावरातले, एकही उसना नाही. जळगावात छापखाना आला, त्यावरही त्यांनी गाणं केलं. निरक्षर बाईने छापखान्याकडे ज्या कुतूहलाने पाहिलं, तसं शिकलेले क्वचितच पाहतात.

बोली खानदेशातली, लेवा पाटील घरांतली. डोळ्याचा डोया होतो, पाण्याचं पानी होतं. शहरी वाचकाला दोन ओळी अडखळायला होतं, मग सवय होते. ही गाणी कुणी शुद्ध करून छापली असती, तर त्यांचा जीवच गेला असता.

ती कागदावर आली धाकट्या मुलामुळे. सोपानदेव शिकले, स्वतः कवी झाले. त्यांनी आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी आईच्या तोंडची गाणी ऐकून वहीत उतरवली. त्यांच्या कानावर पडलं तेवढं राहिलं. बाकीचं वावरातच विरलं. ते किती होतं हे कोण सांगणार? गावोगावच्या जात्यांवरच्या ओव्यांचंही तेच झालं. आज घरात एखादी म्हातारी ओवी म्हणत असेल, तर नातवाच्या मोबाईलमध्ये ती उतरवून घ्यायला खर्च येत नाही.

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात बहिणाबाई वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी भीत भीत ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी गाणी छापायचा आग्रह धरला, स्वतः प्रस्तावना लिहिली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघालं. ज्यांची गाणी होती, त्यांनी ते पाहिलं नाही. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात त्यांचं संसारावरचं गाणं आलं आणि ते रेडिओवरून घरोघर गेलं. जळगावला १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं.

आता विहिरीवर मोटा राहिल्या नाहीत, खळ्यावर पात फिरत नाही. मळणीयंत्र तासाभरात काम उरकून पुढच्या वावरात जातं. वर्गात ही गाणी शिकवताना मास्तरांना आधी मोट म्हणजे काय ते सांगावं लागतं, मग गाणं.